सहाव्या बाकामागचा पडदा

बाकं चव्वेचाळीस. मधल्या वाटेच्या डाव्या हाताला बावीस, उजव्या हाताला बावीस. एका बाकावर सहा माणसं, दाटीवाटीने सात. खिडक्या दहा, त्यातल्या दोन न उघडणाऱ्या. कोट अडकवायच्या खुंट्या एकशे वीस. गीतांचे क्रमांक लावायचा फळा एक. गेल्या रविवारी उपासनेला आलेली माणसं चौदा. पाळकसाहेब धरले तर पंधरा.

यातलं काहीच मोजायची आज गरज नव्हती. मोजायची होती ती फक्त रुंदी, सहाव्या बाकाच्या मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"टोक दाबून धर. सैल पडतंय," बाई म्हणाल्या.

"धरलंय, ताई. तुझ्याकडचं टोक सुटतंय, माझं नाही," भिंतीपाशी उकिडवा बसलेला धाकटा भाऊ म्हणाला.

तो खरं बोलत होता. बाईंनी फीत दुसऱ्या हातात घेतली. नऊ मीटर चाळीस. मग शिडी लावून भावाने छताच्या लाकडाला फीत टेकवली आणि खालचं टोक बाईंनी फरशीला लावलं. पाच मीटर वीस. बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. चुण्यांसाठी दीडपट कापड, एक मीटर चाळीसचा पन्हा, म्हणजे दहा पाट. दहा पाटांना अस्तरासकट शंभर मीटरच्या वर शिलाई, खालची दुमड वेगळी. पडद्यांच्या दुकानात एकतीस वर्षं काढल्यावर असे हिशोब आपोआप होतात, चालताना पायरी मोजावी लागत नाही तसे. एवढा मोठा पडदा मात्र त्यांनी कधी शिवला नव्हता.

"इथेच का? आठव्या बाकामागे का नाही?" त्यांनी विचारलं.

भावाने फरशीतली लोखंडी झाकणी बुटाने दाखवली. तळघरातल्या भट्टीतून गरम पाण्याचे नळ फरशीखालून येत होते आणि त्यांची झडप सहाव्या बाकापाशीच होती. ती बंद केली की मागच्या दोन तृतीयांश चर्चला ऊब मिळणार नव्हती. मागच्या नळांतलं पाणी त्याने आधीच काढून टाकलं होतं, नाहीतर ते गोठून नळ फुटले असते. भाऊ चर्चच्या पंचांचा मुख्य होता. तो मुख्य झाला कारण उरलेले दोन पंच ऐंशीच्या पुढचे होते.

बाईंनी मान वर करून मागे पाहिलं. मागच्या दारावर सज्जा होता आणि सज्ज्यात ऑर्गन. त्याच्या सगळ्यात लांब नळ्या छताला टेकतील-न टेकतील अशा उभ्या होत्या. गेली चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी बाई तिथे बसून वाजवत आल्या होत्या. पडदा लागला की ऑर्गन त्याच्या मागे जाणार, थंडीत, आणि माणसं त्याच्या पुढे. हे भावालाही कळत होतं. म्हणून तो मघापासून वर बघत नव्हता.

गोष्ट अशी होती. प्रांताच्या लूथरन मंडळीकडे एके काळी सत्तर चर्चं होती. आता तेवीस राहिली होती. विकलेल्यांपैकी एकात गालिच्यांचं दुकान निघालं, एकात मुलं दोर बांधून भिंतीवर चढायला शिकत. पाळकसाहेबांकडे पाच चर्चं होती. रविवारी ते गाडीतच डबा खात आणि कधीकधी दुसऱ्या चर्चमध्ये पहिल्याचा उपदेश चालू आहे असं समजून मधूनच बोलू लागत. शरद ऋतूत ते पंचांच्या सभेला आले आणि कोट न काढताच म्हणाले की, प्रांताचं म्हणणं आहे, इंधनाचा खर्च निम्म्यावर आणा, नाहीतर हिवाळ्याचे चार महिने हे चर्च बंद ठेवा. त्या महिन्यांत उपासनेला शेजारच्या गावी यायचं.

"आणि चार महिने बंद राहिलेलं चर्च पुन्हा उघडतं का, साहेब?" भावाने विचारलं होतं.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. आपल्या माहितीत असं एकही नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं बोलणारे नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

पडद्याची कल्पना भावाची. ऑर्गनच्या प्रश्नावरही त्याने उत्तर शोधून आणलं होतं. एक विजेचा कीबोर्ड, वेदीच्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवायचा. त्यात ऑर्गनचा आवाजही होता, एकतीस नंबरचं बटण. बाईंनी तो घरी वाजवून पाहिला. पट्ट्या इतक्या हलक्या होत्या की दाबण्याआधीच वाजल्यासारखं वाटे. त्यांनी एक गीत पूर्ण वाजवलं आणि झाकण लावलं.

"कसा आहे?" भावाने विचारलं होतं.

"चांगला आहे. वजनाला हलका आहे."

"तुझ्या खांद्यालाही बरं. सज्ज्याचा जिना चढायला नको."

तेही खरंच होतं. बाईंचा उजवा खांदा गेली तीन वर्षं दुखत होता आणि जिन्याला एकोणीस उंच पायऱ्या होत्या. कंटाळा त्यांनाही आला होता. रविवारी पहाटे जाग आली की अंथरुणातच त्यांना वाटे, आज कोणी दुसरं वाजवलं तर? पण दुसरं कोणी नव्हतं. ते असतं तर त्यांनी आनंदाने जागा सोडली असती, असं त्या सगळ्यांना सांगत. स्वतःला सांगताना वाक्य अर्धंच राही.

सज्जा त्यांच्या घरचा होता, म्हणजे तसं समजलं जाई. खाली प्रत्येक घराचं बाक ठरलेलं होतं. नाव कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी चुकत नसे. बाईंचे वडील नऊ वर्षांचे असताना लढाईनंतर सीमेपलीकडून त्यांच्या घरच्यांबरोबर इथे आले. तेही लूथरनच. पण बोली वेगळी, कोट फाटके आणि गीतांच्या चाली थोड्या निराळ्या. पहिल्या रविवारी ती माणसं डाव्या बाजूच्या नवव्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले, टोपी काढली आणि अगदी मवाळपणे म्हणाले, "ही जागा आमची आहे. वर सज्ज्यात जागा आहे."

तेव्हापासून पलीकडून आलेली सगळी मंडळी वर बसू लागली. त्या काळात ऑर्गनचा भाता पायाने दाबावा लागे. नऊ वर्षांच्या पोराला काही काम असावं म्हणून वडिलांना भात्यावर उभं केलं. पुढे खालची मुलं शहरांकडे गेली, वरची राहिली. बाईंचं दृढीकरण, म्हणजे मोठ्यांच्या मंडळीत रीतसर प्रवेश, झालं त्या वर्षी वेदीपुढे सव्वीस मुलं उभी होती, त्यातली सतरा सज्ज्यातली. हळूहळू वरची माणसं खाली उतरली, मेलेल्यांच्या बाकांवर बसू लागली, त्यांची मुलं पुन्हा शहरांकडे गेली. बाईंचं घर तेवढं वरच राहिलं. वडिलांनंतर भात्याला वीज आली आणि बाई ऑर्गनवर आल्या.

आता पुन्हा नवीन माणसं आली होती. समुद्रापलीकडची. तीही लूथरनच, कित्येक पिढ्यांची. दुपारी दोन वाजता त्यांची उपासना त्यांच्या भाषेत होई. मुलं धरून ऐंशीच्या वर माणसं, गिटार, दोन ढोल. ती कुठेही बसत. या रविवारी या बाकावर, पुढच्या रविवारी त्या. सकाळची माणसं याबद्दल जरा हलक्या आवाजात बोलत, जणू ती लोकं दर आठवड्याला घर बदलतात.

त्यांच्यातली एकच बाई सकाळच्या उपासनेलाही येई. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती. चौदांतली चौदावी तीच.

कापड मिळालं ते एका हॉटेलने मागवून न नेलेलं, गडद हिरवं, जाड. दुकानाच्या मालकाने पडत्या भावात दिलं आणि दुकान बंद झाल्यावर मशीन वापरायला परवानगीही दिली. बाई दिवसभर दुसऱ्यांच्या बैठकीच्या खोल्यांचे पडदे शिवत आणि संध्याकाळी हा घेत. एका पाटाचं वजन हातात घेतलं की खांद्यात कळ येई. मग पाट टेबलावरून सरकवत न्यायचा, थोडा शिवायचा, थांबायचं.

परिचारिका तिथेच आली, एका संध्याकाळी, कामावरून सुटून. तिने आधी कापड बोटांत धरून पाहिलं, मग स्टूल ओढून बसली.

दुपारच्या मंडळीने तिला पाठवलं होतं. पडद्यापुढे बारा बाकं, म्हणजे बहात्तर माणसं. त्यांची माणसं त्यात मावत नव्हती. पडदा उघडता येईल का, हे विचारायचं होतं. पंचप्रमुख म्हणाले की तो छताला आणि भिंतींना खिळ्यांनी ठोकायचा आहे, म्हणजे फट राहत नाही.

"बरोबर आहे त्याचं. फट राहिली की ऊब जाते," बाई म्हणाल्या.

परिचारिकेने मान हलवली. मग दुसराच विषय काढला. वृद्धाश्रमात सकाळच्या मंडळीतले नऊ जण होते, काही अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी संध्याकाळी ती त्यांच्या खोल्यांतून फिरून कोणती गीतं झाली ते सांगे आणि येईल तेवढं गुणगुणून दाखवी. म्हणून तर ती सकाळी यायची.

"ते काय विचारतात माहिताय, ताई? गीतांचं नंतर. आधी विचारतात, आमच्या बाकावर कोण बसलं होतं?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"कोणी नाही म्हणून सांगते. खरंच कोणी नसतं. तेवढं ऐकलं की त्यांना बरं वाटतं, जेवतात नीट." ती थोडी हसली. "पहिल्यांदा मला वाटलं, बाक रिकामं आहे म्हटल्यावर रडतील."

बाई मशीनवरून हात न काढता ऐकत होत्या.

"आता ऑर्गनचं काय सांगू त्यांना?" परिचारिकेने विचारलं. "एक आजी फक्त तेवढंच ऐकतात. मी गुणगुणायला लागले की म्हणतात, तू नको, ऑर्गन कसा वाजला ते सांग."

"सांगा, पुढे आणलाय म्हणून."

"पुढे आणलाय," परिचारिकेने शब्द तोलून पाहिले. मग उठून निघून गेली.

ती गेल्यावर बाईंनी बराच वेळ मशीन चालू केलं नाही. एक विचार त्यांच्या मनात आधीही येऊन गेला होता, आज तो समोरच्या स्टुलावर येऊन बसल्यासारखा बसला. अस्तर पातळ लावलं तर? खालची दुमड चार बोटं जास्त घेतली, तर पडदा फरशीपासून चार बोटं वर राहील. कोणाच्या लक्षात येणार नाही. खालून थंड हवा येईल, वरची गरम जाईल, इंधन तेवढंच जळेल, आणि महिन्याभरात पंच म्हणतील, काही उपयोग नाही, काढा तो पडदा. इतकं सोपं होतं. पण पडदा काढल्यावर सगळे ऑर्गनकडे परत येणार नव्हते. चर्चला कुलूप लागणार होतं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा की नाही एवढंच हातात होतं, आणि धोंडा दोन्हीकडे सारखाच होता.

त्यांनी जाड अस्तर घेतलं. खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्यांची साखळी ओवली, पडदा फरशीला चिकटून राहावा म्हणून. फक्त एक गोष्ट भावाने सांगितली होती तशी केली नाही. पडदा दोन भागांत शिवला, वर कड्या लावल्या आणि मध्ये एक भाग दुसऱ्यावर हातभर चढवला.

भाऊ चिडला. त्याने खिळे आणून ठेवले होते.

"ताई, मी काय सांगितलं होतं? मधल्या फटीतून सगळी ऊब जाणार."

"हातभर चढवलाय. जाणार नाही. दुपारी त्यांना उघडायला लागेल."

"त्यांच्यासाठी केलंस?"

"मग कोणासाठी? चौदा माणसांना फट कशाला लागते?"

त्याने खिळे परत डब्यात टाकले. दोन संध्याकाळी शिडीवर चढून त्याने दांडी बसवली आणि कड्या ओवल्या. पडदा खाली सुटला तेव्हा त्याचा आवाजही झाला नाही. चर्च अचानक लहान आणि नीटनेटकं दिसू लागलं, एखाद्या बैठकीच्या खोलीसारखं. पडद्यापुढे बोललं की शब्द घुमत नव्हता, तिथेच पडत होता. भाऊ दोनदा खाकरला आणि कान देऊन ऐकत राहिला.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

रविवारी बाई वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. कीबोर्डची वायर जोडली, एकतीस नंबरचं बटण दाबून ठेवलं. क्रमांकांच्या फळ्यावर भावाने गीतांचे आकडे लावले होते. पुढे चांगली ऊब होती. बाईंनी कोट काढला, मग पुन्हा घातला आणि पडद्याच्या फटीतून मागे गेल्या. ऑर्गनच्या बाजूला वडिलांनी लावलेला थर्मामीटर होता. थंडीत ऑर्गनच्या साध्या नळ्यांचा स्वर उतरतो, उबेत चढतो. रीडच्या, म्हणजे आत धातूची पट्टी थरथरून वाजणाऱ्या नळ्यांचा मात्र जवळपास तिथेच राहतो, म्हणून वाजवणाऱ्याला अंश माहीत असावे लागतात. फक्त तेवढं बघून यायचं, असं ठरवून त्या जिना चढल्या. निम्म्यावर एकदा थांबल्या. सात अंश. त्या धाप जाईपर्यंत ऑर्गनच्या बाकावर टेकल्या.

तेवढ्यात खालचं दार वाजलं.

भाऊ दारातच गीतांची पुस्तकं घेऊन उभा होता. पहिले आले ते मोजणीकाका. हयात मोजणी खात्यात गेलेली, वय अठ्ठ्याहत्तर. भावाने पुस्तक दिलं आणि सांगितलं की, काका, सरळ पुढे चला, पुढे गरम आहे. काका हो हो म्हणाले. काठी टेकत मधल्या वाटेने चालत गेले आणि डाव्या बाजूच्या नवव्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या नाकापुढे दोन बाकं आणि मग हिरवा पडदा. त्यांनी गळपट्टा नीट केला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

मग एक नवराबायको आली. त्यांनाही भावाने तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, अगदी मनापासून, आणि उजव्या बाजूला चौदाव्या बाकावर बसली. मग दोघी बहिणी, सतराव्यावर. जो येई तो भावाचं ऐके, हो म्हणे आणि आपल्या बाकावर जाऊन बसे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हट्ट म्हणावा तर कोणाच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. घरी जिन्यातला दिवा बदलला तरी हात जुन्याच बटणाकडे जातो, तसं.

फक्त परिचारिका, सांगितलं तसं, फटीतून पुढे गेली.

भावाने शेवटचं पुस्तक दिलं, वाटेच्या मधोमध आला आणि बाकांकडे बघत राहिला. तेरा माणसं, तोंडातून वाफ येणारी. मग त्याने वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाईंनी खाली यायला उठायला हवं होतं, कीबोर्ड पुढे होता. त्या उठल्या नाहीत.

पडद्यापलीकडे बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला. पाळकसाहेब दुसऱ्या चर्चमधून घाईने आले असणार. त्यांची पावलं वेदीपर्यंत गेली आणि थांबली.

"कोणी आलेलं नाही का?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न परिचारिकेला होता, पण पडद्यातून सगळ्यांना ऐकू आला.

"आहोत, साहेब," मोजणीकाका पडद्याला म्हणाले. "आम्ही केव्हाचे आलोय. तुम्हालाच उशीर झाला."

दोघी बहिणींपैकी एकीला हसू आलं, ते तिने रुमालात घेतलं. पडद्याची फट उघडली आणि पाळकसाहेब झग्यासकट आत आले. त्यांनी बाकांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. पुढे जागा आहे, ऊब आहे, सगळ्यांनी पुढे यावं, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. एक-दोघांनी बाकाची कड धरली, पण उठलं कोणी नाही.

"साहेब," काका म्हणाले, "तिथे आमचं कोणी बसलेलं नाही कधी."

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. ते थकलेले दिसत होते. यानंतर त्यांना आणखी तीन ठिकाणी जायचं होतं.

तेव्हा फट पुन्हा हलली. परिचारिका पुढून उठून मागे आली होती, कोट हातावर घेऊन. तिने कोट घातला. मग ती वाटेत उभी राहिली आणि कुठे बसावं ते बघू लागली. बाकं रिकामी होती, पण प्रत्येक बाक कोणाचं आहे ते तिला चांगलं माहीत होतं. त्या बाकांची चौकशी ती दर रविवारी संध्याकाळी ऐकत होती.

मोजणीकाकांनी काठी उचलली आणि बाकाच्या आतल्या टोकाकडे सरकले. एक माणूस बसेल एवढे नाही, चांगले दोन माणसांएवढे.

"बस इथे," ते म्हणाले. "आणि आज वृद्धाश्रमात सांग, नवव्या बाकावर दोघं होती."

ती बसली. वरून बाईंना काकांचं टक्कल आणि तिचा निळा रुमाल दिसत होता. या बाकाची गोष्ट काकांना माहीत होती की नाही, हे बाईंनी त्यांना कधी विचारलं नव्हतं. टोपी काढून बोलणारे ते गृहस्थ काकांचे आजोबा होते.

आता अडचण क्रमांकांची होती. फळा पुढे होता आणि कोणालाच दिसत नव्हता. भाऊ पुढे जाऊन आकडे वाचून आला आणि वाटेत उभं राहून त्याने पहिल्या गीताचा क्रमांक मोठ्याने सांगितला. सांगताना तो पाळकसाहेबांकडे बघत नव्हता, सज्ज्याकडे बघत होता.

बाईंनी खिशातले बोटं कापलेले मोजे काढून हातांत घातले. हवेचं बटण दाबलं. भाता भरताना ऑर्गनमध्ये एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज होतो, तो झाला. त्यांनी एक स्वर दाबून पाहिला. नळ्या चांगल्याच उतरल्या होत्या आणि रीडच्या नळ्या त्यांच्याशी भांडत होत्या. त्यांनी रीडची दांडी आत ढकलली, फक्त मऊ नळ्या ठेवल्या आणि सुरुवात केली.

गाणं संथ झालं. बाईंची बोटं गारठली होती आणि खालच्यांचे आवाजही. रिकाम्या बाकांमधून स्वर फिरून परत येईपर्यंत थांबावं लागत होतं. सगळ्यांना त्याची सवय होती. पाळकसाहेब पडद्याला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी उपदेश नेहमीपेक्षा बराच थोडक्यात आटोपला. प्रभुभोजनाच्या वेळी वेदी पलीकडे असल्यामुळे सगळे रांगेने फटीतून पुढे गेले. तिथे उबेत त्यांनी भाकर आणि प्याला घेतला. पडदा हातभर बाजूला धरून भाऊ उभा होता. मग तशाच रांगेने सगळे थंडीत परतले आणि ज्याच्या त्याच्या बाकावर बसले. मोजणीकाका आणि परिचारिका नवव्या.

आशीर्वाद झाला. पाळकसाहेब निघाले. जाताना त्यांनी भावाला सांगितलं की, प्रांताला कळवतो, पडदा लागला आहे आणि ऊब उत्तम धरतो. हे खरं होतं. दारात लोक नेहमीसारखं थोडं बोलले, खोकल्याबद्दल, घसरड्या रस्त्याबद्दल. कुठे बसलो याबद्दल कोणी काही बोललं नाही.

सगळे गेल्यावर जिना वाजला. भाऊ सावकाश वर आला. कठड्यामागे एक लांब फळी होती. लहानपणी दोघं तिथे बसत आणि उपदेश चालू असताना पाय हलवल्याबद्दल मार खात. तो त्या फळीवर बसला. ती आता त्याला फार खाली पडत होती. गुडघे वर आले.

"दर रविवारी हे नाही चालणार, ताई," तो म्हणाला. "काकांची छाती भरेल."

"माहिताय."

"पुढच्या रविवारी मागच्या बाकांना दोरी बांधतो. मग बसतीलच पुढे."

"बांध."

"तू खाली ये मग. कीबोर्डवर."

"येते म्हटलं ना."

बाई मोजे काढत होत्या. बोटांची टोकं पांढरी पडली होती. भावाने ती पाहिली आणि आपल्या हातात घेऊन थोडी चोळली, मग सोडून दिली. तो खाली बाकांकडे बघत राहिला.

"सूर उतरला होता ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"बराच."

"मला वाटलंच. बाबा म्हणायचे, पहिलं गीत आणि शेवटचं गीत एका स्वरात होत नाही. माणसं भरली की चढतो."

"तेव्हा पारा चार अंश चढायचा. सज्जा भरलेला असायचा."

भाऊ उठला. निघण्याआधी आपण पुढचा आकडा पाहून ठेवल्याचं त्याने सांगितलं. पडद्यापुढे अठरा अंश होते. मग त्याने ऑर्गनच्या बाजूच्या थर्मामीटरकडे बोट केलं आणि इथे किती आहे ते विचारलं.

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"सुरुवातीला सात होते," त्या म्हणाल्या. "आता साडेसात."